हललेले फोटो

हरकरे डॉक्टरांनी मला पहिल्यांदा बोलावलं ते एका आजारी मुलाचा फोटो काढायला. आणि मी तो इतका सुरेख काढला, की त्यांच्या काही उपयोगाचा राहिला नाही.

झालं असं. नागपूरला सीताबर्डीवर माझा स्टुडिओ नुकताच सुरू झाला होता. आमचं घराणं विणकरांचं. चुलते अजून इतवारीत मागावर बसतात. घरातून फुटून काळ्या कापडाखाली डोकं घालणारा मी एकटा निघालो. कापडाचा धंदा यानं सोडला नाही, विणायचं सोडून फक्त पांघरायला लागला, असं वडील पाहुण्यांना सांगत. तर त्या दिवसांत मोठ्या सरकारी दवाखान्यातून शिपाई आला, की लहान मुलांच्या डॉक्टरांना फोटो पाहिजे. मी कॅमेऱ्याची पेटी, तीन पायांचं तिकाटणं आणि काचेच्या प्लेटा टांग्यात घालून हजर झालो.

फोटो काढायचा होता तो श्रावण नावाच्या दीड वर्षाच्या मुलाचा. दवाखान्याच्या मागच्या वऱ्हांड्यात तो आईच्या मांडीवर बसला होता. अंगानं गुबगुबीत, पण रंग पिठूळ; केस विरळ आणि भुरे; डोळे उघडे, पण कशाकडेच न पाहणारे. आणि हात हलत होते. दोन्ही हात, हनुवटी, थोडी मानसुद्धा. सारखी बारीक थरथर. डॉक्टर दुसरीकडे गेले होते आणि ‘हातांचा नीट घ्या’ एवढा निरोप ठेवून गेले होते. आता माझा कॅमेरा कसा, तर भिंगावरची टोपी काढायची, मनात ‘एक’ म्हणायचं, टोपी लावायची. तेवढ्यात त्या हातांचं धुकं होऊन जाई. प्लेटांवर प्लेटा वाया गेल्या. मग मूल झोपलं, आणि झोपताच हात एकदम शांत. मी देवाचे आभार मानले आणि टोपी काढली.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मुलाच्या बोटांच्या पेरांवर काळपट डाग होते. लग्नाच्या फोटोत नवरदेवाच्या तोंडावरचे देवीचे वण निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून घालवायची माझी सवय. तीच पेन्सिल मी श्रावणच्या बोटांवरूनही फिरवली.

डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला. उंच, किंचित वाकलेला माणूस. कोटाचे खिसे भरून भरून लोंबायला लागलेले. मी शाबासकीची वाट पाहत होतो.

“पराते,” ते म्हणाले, “औषध कोणतं दिलं तुम्ही?”

मी म्हटलं, औषध कसलं जी, मी फोटोवाला.

“मग हा बरा कसा झाला? मी अशा मुलांवर वर्षभरापासून डोकं खपवून राहिलो, आणि तुम्ही एका दुपारी याची थरथर घालवली. डागही घालवले. घरी पाठवू का आता याला?”

रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते रागावलेले दिसत नव्हते, चौकशी करत होते. त्यांचा राग चौकशीचे कपडे घालूनच बाहेर पडतो, हे मला पुढं कळलं.

मला त्यांनी परत वऱ्हांड्यात नेलं. श्रावण जागा झाला होता. कॅमेरा खाली ठेवा आणि त्याला तुमचं बोट द्या, म्हणाले. मी दिलं. त्यानं धरलं नाही, पण त्याच्या तळहातातली थरथर माझ्या बोटात आली. मागावर ताणलेल्या उभ्या सुतावर, म्हणजे ताण्यावर हात ठेवावा आणि पलीकडून कोणीतरी माग चालवत असावं, अगदी तसं. लहानपणी वडिलांच्या मागाशी मी असा हात ठेवून बसत असे. मी ते बोलून गेलो. डॉक्टरांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, “हे दिसलं पाहिजे फोटोत.”

मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, हललेला फोटो म्हणजे आमच्या धंद्यात बिघडलेला फोटो.

“आमच्या धंद्यात हललेलं मूल म्हणजे बिघडलेलं मूल. जमेल आपलं.”

अशी आमची ओळख झाली. पुढची काही वर्षं मी त्यांच्यासाठी बिघडलेले फोटो काढले. घरी कौसल्येला, म्हणजे माझ्या बायकोला, हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, आजवर तुम्ही फुकटच बिघडवत होते, आता सरकारी कामात बिघडवा.

डॉक्टर मूळचे नागपुरातल्याच महाल वस्तीतले. भोसल्यांच्या काळापासून कारकुनी करत आलेलं घर. त्या घरातून हे एकटेच मोठ्या लढाईनंतर विलायतेला गेले आणि लहान मुलांचा मेंदू शिकून आले. परत येऊन त्यांना काय मिळालं, तर तो वऱ्हांडा. मेंदूच्या रोगांचा वेगळा वॉर्ड कागदावर होता. वऱ्हांडा खरा होता. उन्हाळ्यात बांबूच्या तट्ट्यांवर पाणी मारायचं, हिवाळ्यात त्याच तट्ट्यांना गोणपाट लावायचं. आकडी येणारी, पाय लुळे पडलेली, मान न धरणारी, अशी मुलं विदर्भातून कुठून कुठून तिथं येत. पण डॉक्टरांचा जीव अडकला होता तो या थरथरणाऱ्या मुलांत. ही मुलं वर्षाची होईपर्यंत चांगली हसतखेळत असत. मग हळूहळू हसणं जाई, बसणं जाई, आईची ओळखसुद्धा जाई, आणि शेवटी हातांची थरथर सुरू होई. झोपेत तेवढी थांबे.

मुलाला तपासायची त्यांची एक तऱ्हा होती. खुर्चीवर बसत नसत. फरशीवर बसत, मुलाच्या तळहातात आपलं बोट ठेवत आणि वाट पाहत. नर्स खोळंबे, मागची रांग खोळंबे, ते बसलेलेच. मुलानं बोट धरलं तर पुढची तपासणी, नाही तर तीच तपासणी. त्यामुळे दवाखान्यात त्यांना नमस्कार करायची पद्धत अशी पडली होती, की ‘धरलं का जी बोट?’ डॉक्टर उत्तर देत, “नाही. विचार करून राहिला आहे.”

मोठ्या साहेबांचं मत होतं की हा मेंदूतल्या जंतूंचा आजार. मोठे साहेब म्हणजे डॉक्टरांचे वरिष्ठ. डॉक्टरांचं मत वेगळं होतं, आणि ते त्यांना फरशीवर बसल्यामुळेच सुचलं असावं. खाली बसलेल्या माणसाशी आया बोलतात. ते प्रत्येकीला एकच विचारत, मुलाला खायला काय देतेस? आणि बहुतेक जणी सांगत, अंगावर पितो. दुसरं काही? नाही. काहून? तर उष्टावण व्हायची आहे.

आता आमच्याकडची उष्टावण ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मुलाच्या तोंडी पहिलं अन्न मामानं घालायचं. खिरीत चांदीची अंगठी बुडवून ती मामा मुलाच्या जिभेला लावतो, मग अन्नाची वाट मोकळी होते. एरवी हे सहा-आठ महिन्यांत उरकतं. पण मामाच कामासाठी लांब गेला असेल, रुसला असेल, किंवा मामा मुळात नसेल, तर काही घरं अडून बसत. मूल आईच्या दुधावर वाढत राही, गुबगुबीत दिसे, म्हणून कोणाला घोर नसे. आणि त्या आया स्वतः काय खात? भाकरी आणि तिखटाचं पाणी. ज्या दुधावर मूल होतं त्यातच काही नव्हतं.

“मेंदूलाही पोट असतं,” डॉक्टर म्हणत. हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. शिकाऊ डॉक्टरांना म्हणत, आयांना म्हणत, मोठ्या साहेबांनाही म्हणत. मोठे साहेब हसून म्हणत, वाक्य छान आहे, पुरावा दाखवा.

पुराव्यासाठी डॉक्टरांना पहिल्यांदा पाहिजे होता सिनेमाचा कॅमेरा, म्हणजे थरथर थरथरीसारखी दिसली असती. कॉलेजात तो होता. पण नागपूर तेव्हा राजधानी. रोज कोणत्या तरी मंत्र्याचं उद्‍घाटन असे आणि कॅमेरा तिकडे जाई. डॉक्टर म्हणाले, मंत्र्यांचे हात हलतात ते फीत कापताना, त्यांचं रोगनिदान झालेलं आहे, एक दिवस माझ्या मुलांना द्या. दिला नाही. म्हणून मी.

दुसरी अडचण माझ्या कॅमेऱ्यानं सुटणारी नव्हती. मोठे साहेब वाईट माणूस नव्हते, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. पहिल्या फोटोनंतर आठवड्याभरात मी वऱ्हांड्यात तिकाटणं मांडत होतो तेव्हा त्या दोघांचं बोलणं झालं. साहेबांचं म्हणणं असं, की अन्न सुरू केलेली काही मुलं बरी झाली हे खरं, पण थरथर काही आठवड्यांत आपली आपणही थांबते, हे हरकऱ्यांनीच लिहिलं आहे. मग ती अन्नानं थांबली हे कशावरून? अर्ध्या मुलांना अन्न द्या, अर्ध्यांना आहे तसं राहू द्या, आणि मग दोन्हींकडे पाहा. डॉक्टर म्हणाले, थरथर आपली आपण थांबते, पण मूल आपलं आपण परत येत नाही. साहेब म्हणाले, तेही दाखवा ना.

साहेब गेल्यावर मी तोंड घातलं. म्हटलं, काय हे, मुलांना उपाशी ठेवा म्हणतात.

“चूक नाही त्यांची,” डॉक्टर म्हणाले. “मीही तेच शिकून आलो. तसं केल्याशिवाय जगात कोणी ऐकत नाही.” आणि त्यांनी मान्य केलं.

तर काही मुलं अन्नाविना थांबायची ठरली. त्यात श्रावण होता, आणि मौद्याकडची एक मुलगी होती, रुखमा. रुखमेच्या आईची अन्नाला काही हरकत नव्हती. दे म्हटलं असतं तर तिनं त्या दिवशी दिलं असतं. तिला थांबायला सांगितलं, कारण कोणीतरी थांबायला हवं होतं. डॉक्टरसाहेब सांगतात म्हणून ती थांबली. फार दिवस नाही. पण तेवढ्यात मुलीच्या छातीत कफ झाला, ताप चढला, सुया दिल्या, आणि मुलगी गेली.

मी त्या सकाळी फोटोसाठी गेलो होतो. रुखमेची आई निघाली होती. जाताना ती डॉक्टरांच्या पाया पडली, तुम्ही लई केलं म्हणाली. डॉक्टर भिंतीसारखे उभे. ती गेल्यावर माझ्याशी नाही, तट्टीशी बोलावं तसे म्हणाले, “अन्न मिळालं असतं तर जगली असती का, हे कोणी सांगू शकत नाही. मीसुद्धा नाही. म्हणून मला कोणी काही म्हणणार नाही.” मग माझ्याकडे वळून, “पाहा पराते, किती सोय आहे.”

त्यानंतर ते वऱ्हांड्याच्या दुसऱ्या टोकाला श्रावणच्या आईकडे गेले आणि म्हणाले, थांबणं संपलं, आज याला खायला घालू. वच्छला तिचं नाव. पाचपावलीत दिलेली, उमरेडच्या विणकराची मुलगी. ती सासूकडे पाहू लागली. सासू तिथंच पदरानं वारा घेत बसली होती. म्हणाली, “त्याचा मामा येऊ द्या, मंग चारा काय चाराचं ते. आमच्यात मामाच्या हाताबिगर अन्न लावत नाईत.” मग मामा कुठं आहे? उमरेडला. मग येत काहून नाही? यावर सासूनं तोंड फिरवलं, आणि वच्छलेनं सांगितलं ते हळू आवाजात.

मामाचं नाव दमडू. भाच्याच्या बारशासाठी त्यानं बहिणीला स्वतः विणून लुगडं आणलं होतं. सासूनं ते चार बायांसमोर उलगडलं, काठाजवळच्या एका खोटीवर बोट ठेवलं आणि विचारलं, मामा आंधळा आहे का? विणकराच्या घरी हे विचारणं म्हणजे काय, ते मी जाणतो. दमडू ताटावरून उठून गेला तो आलाच नाही. ते लुगडं वच्छलेनं अंगाला लावलं नव्हतं.

डॉक्टरांनी ते लुगडं मागून घेतलं आणि मला म्हणाले, चला उमरेडला. बसमध्ये त्यांनी मला पढवलं. मी तुम्हाला विचारीन, यात खोट आहे का. तुम्ही विणकराचे, तुम्ही नाही म्हणा. मी म्हटलं, त्यात काय, दिवसभर फोटोतले गाल रंगानं लाल करून विकतो मी.

दमडू मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून विणत बसला होता. आम्ही दिसल्यावरही सुतातून इकडून तिकडे पळणारा धोटा थांबला नाही. डॉक्टरांनी कोण, कुठले ते सांगितलं. तो वर न पाहता म्हणाला, “बहिणीचं सांगाले आले असान तर आल्या रस्त्यानं जा जी. त्या घरचं पाणी सोडलं मी.”

डॉक्टरांनी लुगडं माझ्या हातात दिलं. “पराते, हात फिरवून सांगा. खोट आहे का यात?”

मी अंगठा काठावरून फिरवत नेला. काय सांगू, पेन्सिल हातात असती तर खोटं बोललो असतो. कापड हातात होतं. “आहे,” मी म्हणालो. “इथं. सांधलेलं आहे.”

डॉक्टरांनी लुगडं माझ्या हातातून काढून घेतलं. पण धोटा थांबला होता.

“आहेच,” दमडू म्हणाला. “मले ठाव नाई का? वच्छी बाळंत झाली म्हणून निरोप आला, तसाच उठलो. वापस येऊन सांधलं ते दिसलं. उसवता आलं असतं. नाई उसवलं. म्हटलं भाच्याची खूण आहे, राहू दे. अन् ते बुढी म्हणते, आंधळा.”

डॉक्टर पुढं आले. मागाशी उकिडवे बसले, ताणलेल्या ताण्यावर आपली बोटं ठेवली आणि ती हलवू लागले. श्रावणचे हात हलत तशी. पार पलीकडच्या टोकापर्यंत सूत थरथरायला लागलं.

“असा हात हलून राहिला त्याचा,” ते म्हणाले. “झोपेत थांबतो तेवढा.”

“कधीपासून?”

“तुमची वाट पाहून राहिला तेव्हापासून.”

दमडूनं डॉक्टरांचा हात धरून सुतावरून उचलला. “ताणा तुटन जी,” एवढंच म्हणाला आणि खड्ड्यातून पाय वर काढले. बसमध्ये बसल्यावर त्यानं अट घातली, की त्या घरात मी पाय ठेवणार नाही. डॉक्टर म्हणाले, घर कुठं आहे तिथं, वऱ्हांडा आहे आणि तो माझा आहे.

उष्टावण त्या वऱ्हांड्यातच झाली. खीर आमच्या कौसल्येनं केली होती. वच्छला ते लुगडं नेसून बसली. सासू आणि दमडू एकमेकांकडे पाठ करून. दमडूनं अंगठी खिरीत बुडवून भाच्याच्या जिभेला लावली. मुलानं चव घेतली नाही, थुंकलीही नाही. खीर हनुवटीवरून ओघळली. दमडूनं परत लावली. मी टोपी काढली, ‘एक’ म्हटलं, टोपी लावली. त्या फोटोत मुलाच्या हातांचं धुकं झालं आहे आणि मामाचा अंगठीचा हात दगडासारखा स्थिर आला आहे. एवढा चांगला फोटो मी जन्मात काढला नाही, आणि असा हललेला फोटो कोणत्याही लग्नघरात कोणी घेतला नसता. निघताना सासू वच्छलेकडे पाहून म्हणाली, “नेसल्यावर काठ बरा दिसते.” दमडूनं ऐकलं. त्या दिवशी तो जेवून गेला.

खिरीनं तोंड उघडलं, पुढचं काम कलेजीच्या रश्श्यानं केलं. डॉक्टरांचं म्हणणं, या मुलांच्या रक्तात जे कमी आहे ते कलेजीत आहे. दवाखान्याच्या स्वयंपाकघरानं नाही म्हटलं. डॉक्टरांच्या घरी त्यांची आई सोवळ्यातली. कलेजीचं नाव काढलं असतं तर त्यांनाच वऱ्हांड्यात मुक्कामाला यावं लागलं असतं. म्हणून तो रस्सा आमच्या घरी शिजू लागला आणि मी कॅमेऱ्याबरोबर पितळेचा डबा वाहू लागलो. कौसल्या म्हणे, डबा तेवढा हलवू नका, फोटो हलला तर चालते.

श्रावणची थरथर गेली. हे काही मोठं नाही. ती तशीही गेली असती. पण एक दिवस डॉक्टर नेहमीसारखे फरशीवर बसले, बोट दिलं, आणि मुलानं ते धरून तोंडाकडे ओढलं. डॉक्टरांनी ओढू दिलं. मला वाटलं आता काही तरी मोठं बोलतील. “भूक लागली आहे,” ते म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

मग इतर आयांनी मामांच्या अडचणी सांगायला सुरुवात केली. कोणाचा मामा ब्रह्मदेशात गेलेला, कोणाचा खाणीत मेलेला. डॉक्टर विचारत, मी चालीन का? बाया लाजत आणि चालेल म्हणत. डॉक्टर अंगठी खिशातच ठेवू लागले. दवाखान्यात त्यांना मामा डॉक्टर म्हणू लागले. “एवढं समुद्र ओलांडून शिकून आलो,” ते म्हणत, “तो मामा व्हायला. हे आईला आधी माहीत असतं तर बोटीचं भाडं वाचलं असतं.”

मोठ्या साहेबांनी मात्र एकदाच सांगितलं, की हरकरे, तुम्ही तुलना मोडली. आता तुमच्याजवळ बरी झालेली मुलं आहेत, पुरावा नाही. डॉक्टर हो म्हणाले. त्यांचा लेख परत आला. बरोबरच्या माझ्या फोटोंवर कोणीतरी शेरा मारला होता, की चित्रं अस्पष्ट आहेत, छायाचित्रकार बदलावा. मी तो शेरा वाचून खजील झालो. डॉक्टर म्हणाले, “माझ्यावरही तोच शेरा आहे, फक्त शब्द जास्त आहेत.” पुन्हा थांबवून पाहा, असं त्यांना दोनदा सुचवण्यात आलं. त्यांनी दोन्ही वेळा नाही म्हटलं. कारण दिलं नाही. मला माहीत होतं. मौद्याकडची बाई पाया पडून गेली होती, ते कारण.

मग भाषेवरून राज्यांची वाटणी झाली आणि आमचं राज्य फुटलं. राजधानी गेली, मंत्री गेले, कचेऱ्या गेल्या. वाटणीत तो सिनेमाचा कॅमेराही मंत्र्यांमागून गेला, मुलं एकदाही न पाहता. माणसांचीही वाटणी झाली, आणि डॉक्टरांची जागा पलीकडच्या राज्याच्या वाट्याला आली. छत्तीसगढाकडच्या एका गावात त्यांना नेमलं. तिथं हिवतापाच्या गोळ्या वाटायच्या होत्या. वऱ्हांडा रिकामा झाला. आता तिथं मोडक्या खाटा ठेवतात.

स्टेशनवर पोचवायला मी आणि कौसल्या गेलो होतो. वच्छला आली होती, श्रावणला कडेवर घेऊन. तो चालू शकत होता, तरी. डॉक्टरांनी माझ्याकडून हललेले सगळे फोटो प्लेटांसकट मागून घेतले होते, ते त्यांच्या बॅगेत होते. उष्टावणीचा सगळ्यांत वर. मी आठवण दिली, की माझा तो पहिला, झोपलेला फोटो प्लेटेसकट दवाखान्याच्या कपाटात राहिला. “राहू द्या,” ते म्हणाले. “स्थिर आहे, डाग नाहीत. इथं चालेल तो.” गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून बोट बाहेर काढलं. श्रावणनं ते पाहिलं, पण पकडायला उशीर झाला. तो सगळ्याच गोष्टीला थोडा उशीर करतो. आता शाळेत जातो, बापाला सुताच्या कांड्या भरू लागतो, हसतो चांगला. बोलतो मात्र मोजकं आणि अडखळत. अन्न आणखी आधी मिळालं असतं तर, असं मी एकदा डॉक्टरांना विचारणार होतो. विचारलं नाही.

दोन पावसाळे गेले आणि डॉक्टर तिकडेच वारल्याचं कळलं. झोपेत हृदय थांबलं म्हणे. त्यांच्या बॅगेचं काय झालं, ते कोणाला सांगता आलं नाही. त्यांची आई महालातच होती. मी भेटायला गेलो तर तिनं विचारलं, तुम्ही त्याच्या दवाखान्यातले का? मी म्हटलं, मी त्यांचा फोटोवाला. ती म्हणाली, मग त्याचा एखादा फोटो असेल तुमच्याजवळ. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की इतक्या वर्षांत मी त्यांचा एकही फोटो काढला नव्हता. ते नेहमी मुलाच्या पलीकडे, चौकटीच्या बाहेर बसलेले असत.

परवा मोठ्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. निवृत्त व्हायला आले आहेत. कौतुकानं एक जाड इंग्रजी मासिक हातात दिलं. थरथरणाऱ्या मुलांवर त्यांचा लेख छापून आला आहे. कारण मेंदूतले जंतू. डॉक्टर हरकऱ्यांचे आभार शेवटी बारीक अक्षरात आहेत, त्यांच्या पुढं कैलासवासी लावलेलं आहे. आणि लेखाच्या मध्यावर, पाऊण पान भरून, माझा फोटो. कपाटातल्या प्लेटेवरून काढलेला. श्रावण झोपला आहे, हात शांत, बोटं स्वच्छ. खाली छापलं आहे, की हा कंपाचा नमुनेदार रोगी. साहेब म्हणाले, पराते, संपादकांनी मुद्दाम लिहिलं आहे, चित्र फार स्पष्ट आहे. मी हात जोडले. दुसरं काय करणार, इतक्या वर्षांत माझ्या कामाला मिळालेली ती पहिली सरकारी शाबासकी होती.

घरी येऊन मासिक कौसल्येपुढं ठेवलं आणि सगळं सांगितलं. साहेबांवर तोंडसुख घेतलं, स्वतःच्या पेन्सिलीवर घेतलं, कपाटावर घेतलं. ती ऐकत नव्हती. तांदूळ निवडता निवडता हात थांबवून तिनं तो फोटो जवळ ओढला आणि झोपलेल्या श्रावणच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं.

“हा खिरीच्या अगोदरचा नं जी?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, हो. त्याच्या अगोदरचाच.

“म्हंजे उपाशीच छापलं लेकराले.”